आजीचा फुगा: 1953 सालच्या एका फोटोची गोष्ट

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, तह, राजे आणि त्यांचे कारभारी यांच्याबद्दल बोलतो. आज मी एक फोटो घेऊन बसले आहे. तो पुस्तकात छापलेला नाही, कारण त्यातल्या इतर मुलींच्या घरच्यांना विचारायचं राहून गेलं आहे. म्हणून आधी तो शब्दांत सांगते.

इंदूरच्या एका स्टुडिओत 1953 च्या हिवाळ्यात काढलेला हा फोटो. मॅट्रिकच्या वर्गातल्या सहा मुली, तिघी खुर्च्यांवर, तिघी मागे उभ्या. पाठीमागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, कमान आणि कुठलंसं तळं. चौघींनी गोल पातळ नेसलं आहे, एक नऊवारीत आहे, आणि सगळ्यांत लहान दिसणारी एक परकर-पोलक्यावर ओढणी घेऊन बसली आहे. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरी माझी आजी, वय वर्षं 16. दोन वेण्या पुढे घेतलेल्या, टोकांना रिबिनी. कपाळावरचे केस तेल लावून अगदी चप्प बसवलेले, आणि पोलक्याच्या बाह्या मात्र टम्म फुगलेल्या. हे चप्प केस आणि फुगलेल्या बाह्या यांचं गौडबंगाल मला लहानपणापासून कळत नव्हतं. गेल्या वर्षी आजीला विचारलं, तेव्हा ती आधी हसली आणि मग बराच वेळ बोलत राहिली. आता ती नव्वदीला आली आहे. सकाळी काय खाल्लं ते विसरते, पण त्या पोलक्याचं कापड किती आण्यांनी वार होतं ते सांगते.

गोष्ट कापडापासूनच सुरू करायला हवी. आजी 1937 ची. तिला समज आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. मिलमध्ये निघणारं बरंचसं कापड सैन्याकडे जात होतं, बाजारात भाव भडकले होते, म्हणून 1943 साली सरकारनं सुताच्या आणि कापडाच्या किमतींवर नियंत्रण आणलं. गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचं जाडंभरडं स्वस्त कापड निघालं. आता इंदूर म्हणजे मिलचं शहर. मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल मिल, सकाळच्या भोंग्यावर घड्याळं लावणारं गाव. पण ज्या गावात कापड विणलं जातं तिथल्या लोकांच्या अंगावर ते असतंच असं नाही. आजीचे वडील कचेरीत कारकून. ते रांगेत उभे राहून जे मिळेल ते आणायचे, आणि मग एकाच ताग्यातून आजीचा फ्रॉक, दोन भावांचे सदरे आणि उश्यांचे अभ्रे निघायचे. ‘आम्ही भावंडं अंगणात उभी राहिलो की खोलीतल्या उश्या बाहेर आल्यासारखं वाटायचं,’ असं आजी म्हणते. कापडावर किमतीचा शिक्का असायचा. तो शिक्का आतल्या बाजूला जाईल असं बेतणं हीच त्या काळची शिवणकला.

1948 च्या जानेवारीत नियंत्रणं उठली, भाव एकदम वर गेले, आणि त्याच वर्षी सरकारला ती परत आणावी लागली. म्हणजे आजी परकर-पोलकं घालायच्या वयात आली तेव्हाही कापड ही मोजूनमापून वापरायची वस्तू होती. फुग्याची बाही म्हणजे काय, हे यावरून लक्षात येईल. साध्या बाहीला जेवढं कापड लागतं त्याच्या जवळजवळ दीडपट कापड चुण्या घालून त्यात बसवायचं. त्याचा उपयोग काहीच नाही. ना ऊब, ना आडोसा. जुन्या माणसांना त्याचा राग यायचा तो नुसता नखऱ्याचा नव्हता, उधळपट्टीचाही होता.

याच सुमारास फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इंदुरात येऊन राहिली. त्यांच्यातल्या अनेकांनी शून्यापासून कापडाचा किरकोळ धंदा सुरू केला. आजीला आठवतात त्या हातगाड्या, आणि त्यांवर टांगलेल्या साटीनच्या रिबिनी, लेस, बटणं, काचेचे मणी. अख्खं पातळ घेण्याची ऐपत नसलेल्या मुलीला दोन आण्यांत वारभर रिबीन घेता यायची. सलवार-कमीजही तिनं पहिल्यांदा पाहिली ती याच घरांतल्या मुलींच्या अंगावर. ‘तुला घालावीशी वाटली का गं?’ मी विचारलं. ‘वाटायचं काय त्यात? आपल्यात घालत नव्हते,’ ती म्हणाली. तिनं पहिली सलवार घातली वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर. नंतर म्हणाली, एवढं सोपं असतं होय.

आता पातळाकडे येते, कारण फोटोतली खरी भानगड तिथे आहे. त्या काळात मुलीच्या कपड्यांवरून तिच्या आयुष्याचं पान कुठवर उलटलं आहे ते कळायचं. फ्रॉक म्हणजे लहान. परकर-पोलकं म्हणजे मोठी होऊ लागली. पातळ म्हणजे आता स्थळं बघायला हरकत नाही. त्यामुळे ‘उद्यापासून पातळ नेस’ हे वाक्य मुलीला एकाच वेळी हवंसंही वाटायचं आणि त्यानं पोटात गोळाही यायचा. फोटोतली परकरवाली मुलगी वयानं आजीपेक्षा मोठी होती. तिच्या आईनं मुद्दाम तिला परकरातच ठेवलं होतं, म्हणजे निदान मॅट्रिक होईपर्यंत कोणी विचारायला येऊ नये. पण अशा युक्त्या इतिहासाच्या कागदांत सापडत नाहीत.

पातळ नेसायचं ठरलं, तरी कसं, हा प्रश्न उरतोच. नऊवारी, कासोटा घालून, हे मराठी घरांतलं रूढ नेसणं. त्याला सकच्छ म्हणत. काष्टा न घालता, आत परकर घालून पाचवारी नेसलं की ते गोल. सोवळ्यात, देवाच्या कामाला, लग्नकार्यात कासोटा पाहिजेच अशी समजूत. बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर, जिथे जिथे तुमची मंडळी गेली तिथल्या जुन्या फोटोंमध्ये हे नेसणं तुम्ही पाहिलं असेल. गोल नेसणं म्हणजे बाहेरचं, असं त्या पिढीला वाटायचं.

आणि गंमत पाहा, ते ‘बाहेरचं’ नेसणं घडलं त्यात मुंबईचा मोठा हात होता. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि 1864 साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईला आल्या. घराबाहेर चारचौघांत वावरायचं तर बंगालचं तेव्हाचं नेसणं पुरेसं नव्हतं. त्यांनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात बदल केले, पदर डाव्या खांद्यावर घेतला, आत परकर आणि वर झंपर. कलकत्त्याला परत गेल्यावर ब्राह्मो समाजातल्या स्त्रियांनी ते उचललं, आणि हळूहळू त्याच घाटाचं नेसणं देशभरच्या शिकलेल्या बायकांत दिसू लागलं. आजीच्या आईला हे कोणी सांगितलं असतं तरी तिचं मत बदललं नसतं म्हणा. ती म्हणायची, ‘गोल नेसून पळता येतं का? शिडीवर चढता येतं का?’

त्या माउलीचं म्हणणं चूक नव्हतं. मी स्वतः दोन्ही नेसून पाहिलं आहे. नऊवारीत मांडी मोकळी राहते, सायकल चालवता येते, विहिरीवर वाकता येतं. पाचवारीत पावलं आखडतात. म्हणजे जे आधुनिक म्हणून आलं ते अंगाला जास्त जखडणारं होतं. तरी मुलींना तेच हवं होतं, कारण शाळेतल्या शिकलेल्या बाई गोल नेसत, नर्सबाई गोल नेसत, पडद्यावरची नर्गिस गोल नेसत असे. आणि माझ्या मते आणखी एक कारण होतं, कापडाचं. 9 वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पाचवारी आणि आतला अडीच वारांचा परकर मिळून साडेसात वार, आणि परकर जुन्या कापडाचा चालतो. टंचाईच्या दिवसांत कारकुनाच्या घरात हा दीड वार कमी नव्हता. आजीच्या वडिलांनी गोल पातळाला परवानगी दिली ती सुधारणेपायी की पैशापायी, हे आजीलाही सांगता येत नाही.

मुलग्यांचं थोडक्यात सांगते, नाहीतर आजोबा रागावतील. हाफ चड्डी, सदरा आणि टोपी. पूर्वी बोडक्या डोक्यानं बाहेर पडणं अशुभ मानत, सुतकात असल्यासारखं. पन्नासच्या आसपास शाळेतली पोरं गल्लीच्या कोपऱ्यावर टोपी खिशात कोंबू लागली, कारण टोपीखाली देव आनंदसारखा केसांचा कोंबडा राहत नाही. आणि इंदुरात क्रिकेटचं वेड. होळकर संघानं 1952-53 ची रणजी जिंकली तेव्हा मुश्ताक अलीची चाल आणि ऐट उचलणारे गल्लोगल्ली होते. मुलग्यांना या सगळ्यासाठी फार तर एखादी थप्पड बसायची. कुणाची शाळा सुटत नव्हती.

हे सगळं मी एका घरातलं सांगते आहे, हे विसरू नका. 1951 च्या जनगणनेत देशातल्या साक्षर स्त्रिया जेमतेम 9 टक्के होत्या. परदेशीपुऱ्यातल्या, मिल मजुरांच्या वस्तीतल्या मुली त्या वयात भावंडं सांभाळत होत्या किंवा कामावर जात होत्या. त्यांच्यातल्या कुणाचा स्टुडिओतला फोटो असेल असं मला वाटत नाही. फॅशनचा इतिहास लिहिताना आपण ज्यांचे फोटो आहेत त्यांचाच लिहितो.

तर आजीचा शृंगार. शिकेकाईनं न्हायचं, खोबरेल तेल चोपडायचं. कपाळाला मेण लावून त्यावर पिंजर, म्हणजे कुंकू घामानं ओघळत नाही. अफगाण स्नोची बाटली शेजारच्या नव्या सुनेकडे होती. मुंबईच्या पाटणवाल्यांचं ते स्नो 1919 पासून निघत होतं, पण आजीच्या घरात आलं नव्हतं. ती सून बोटाच्या टोकावर थोडं द्यायची. बाकी सगळं केसांवर. एक वेणी म्हणजे जुनं, दोन वेण्या म्हणजे शाळकरी आणि नवं. दोन वेण्यांना घरातून विरोध झालाच नाही, कारण लता मंगेशकर दोन वेण्या घालत. लताबाईंचा जन्म इंदूरचा, 1929 चा. 1949 च्या ‘महल’नंतर त्यांचा आवाज घराघरात गेला होता. पांढरं पातळ, दोन लांब शेपटे, त्यांचा फोटो मासिकात आला की वडीलमंडळीही कौतुकानं बघत. घरात वाद झाला की ‘मग लताच्या कशा चालतात?’ एवढं विचारलं की पुरे.

फुगा मात्र चालत नव्हता. फुगा म्हणजे कपाळावरचे केस मागे वळवून, आकडे लावून वर उचलायचे. तो थेट सिनेमातून आलेला, आणि सिनेमा म्हणजे वाईट वळण.

आणि हा फुगा रोज सकाळी काढून द्यायची आजीची आत्या.

आत्याबद्दल आता सांगायला हवं. ती आजीच्या वडिलांची मोठी बहीण. 1902 ची. लग्न दहाव्या वर्षी, नवरा गेला तेव्हा ती तेरा वर्षांची. परत भावाकडे आणून सोडली. डोकं भादरलेलं, अंगावर लाल आलवण, कपाळ मोकळं. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दारानं यायचा. विधवांना परत लग्न करता येईल असा कायदा 1856 साली झाला होता. 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांची डोकी भादरणार नाही असं जाहीर केलं होतं. महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं होतं. हे सगळं मी वर्गात वर्षांनुवर्षं शिकवलं. आणि माझ्याच आजीची वेणी घालणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. ती भादरली गेली ती न्हाव्यांच्या त्या सभेला पंचवीस वर्षं झाल्यावर.

आत्याचा हात वेणीत फार बसलेला. तीनपेडी, चारपेडी, पाचपेडी. आजी पाटावर बसायची, आत्या मागे. शेजारच्या मुलीही यायच्या. डोक्याला पदर घट्ट लपेटलेली ती बाई सकाळी तासभर दुसऱ्यांच्या केसांत हात घालून बसायची. फुगा कसा काढायचा ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. सिनेमा तिनं जन्मात पाहिला नव्हता. आजीनं रद्दीत आलेल्या एका जाहिरातीतलं चित्र दाखवलं, आत्यानं ते दिव्याजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाली, ‘आत काहीतरी ठेवलंय. नुसत्या केसांना एवढी उभारी येत नाही.’ मग विंचरताना निघालेल्या गुंतवळाचा छोटा गोळा करून तिनं तो आत बसवला. आजीच्या वर्गात तसा फुगा कुणाचाच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात शाळेत एका बाईंनी आजीला उभं केलं. शाळेत शिकायला येता की नटायला, असं विचारलं. सगळ्या वर्गासमोर नळावर नेऊन तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायला लावलं. फुगा विरघळला, आणि आतला गुंतवळाचा गोळा सगळ्यांसमोर पायाशी पडला. मुली हसल्या. आजी ओल्या केसांनी घरी आली आणि म्हणाली, मी आता शाळेत जाणार नाही.

वडील म्हणाले, बरं. ते रागावलेही नाहीत, हेच भयंकर होतं. उज्जैनचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगी स्वतःच शाळा नको म्हणते आहे, तर प्रश्न मिटला. चार महिन्यांवर मॅट्रिक आणि घरात पत्रिका काढली गेली.

आजी सांगते, त्या रात्री आत्या तिच्याशी बोलली नाही. शेजारच्या सुनेकडे उषाचं मशीन होतं, कलकत्त्याहून आलेलं. आत्या रात्री तिथे जाऊन बसली. तिला मशीन चालवता येत नव्हतं. ती सून पाय मारत होती आणि आत्या कापड सरकवत होती. कापड कुठून आलं हे आजीला पुष्कळ वर्षांनी कळलं. आत्याच्या माहेरच्या पेटीत तिच्या लग्नातलं एक पातळ होतं, अडतीस वर्षं घडी न मोडलेलं. सकाळी आत्यानं आजीला पाटावर बसवलं, तेल लावून केस असे चप्प बसवले की भांगातून मुंगीसुद्धा घसरावी, दोन घट्ट वेण्या घातल्या, आणि समोर ते पोलकं टाकलं. फुग्याच्या बाह्यांचं. म्हणाली, ‘केसांना बंदी आहे ना? बाह्यांबद्दल बाई काही बोलल्या नाहीत.’

मग तिनं वहाणा घातल्या. विधवा बाईनं सकाळच्या वेळी रस्त्यावर कुणाला सामोरं जाऊ नये, अपशकुन होतो, असं मानणारा तो काळ. आजीच्या आईनं दारात हात धरला. आत्या म्हणाली, ‘वहिनी, सोडा. मुलगी एकटी जाणार नाही आणि दादा कचेरीत जातील. मग कोण नेणार?’ घरापासून शाळा पंधरा मिनिटांची. ती दोघी चालत गेल्या. दोन दुकानदारांनी तोंड फिरवलं, एक सायकलवाला उतरून थांबला, असं आजीला आठवतं. आत्या फाटकाशी थांबली, आजी आत गेली. बाईंनी बाह्यांकडे पाहिलं, खिडकीतून फाटकाकडे पाहिलं आणि हजेरी घेऊ लागल्या. शाळा सुटली तेव्हा आत्या तिथेच होती. परत घरी जाऊन आली होती का, हे तिनं सांगितलं नाही. पुढे परीक्षेपर्यंत रोज तीच नेत-आणत राहिली. उज्जैनच्या स्थळाला कळवलं गेलं की मॅट्रिकनंतर बघू. आजी दुसऱ्या वर्गात पास झाली.

त्याच हिवाळ्यात वर्गातल्या सहा जणींनी पैसे काढून फोटो काढायचं ठरवलं. सोबतीला मोठं माणूस पाहिजे, म्हणून पुन्हा आत्या. विधवेला फोटोत कोणी उभं करत नसे, आणि ती उभी राहिलीही नसती. ती पडद्याच्या बाजूला जमिनीवर बसून राहिली. फोटोच्या डाव्या कडेला, खुर्चीच्या पायाशी, गडद कापडाचा एक तुकडा दिसतो. मी तो इतकी वर्षं पडद्याचा काठ समजत होते. आजीनं भिंग मागून घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं: हे आलवण. आत्याचा फोटो तेवढाच.

आजीचं लग्न 1955 साली झालं, देवासला. पहिल्या दिवाळसणाला ती माहेरी आली तेव्हा आत्याच्या पदराखाली बोटभर पांढरे केस होते. तिनं न्हाव्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. कधी सांगितलं, कुणाला विचारून सांगितलं, घरात कोणीच चर्चा केली नाही. वडील तिच्यासमोर जेवायला बसत होते, आई तिच्या हातचं खात होती. आजीनं तिला पाटावर बसवलं, मागे बसली आणि तेल लावून दिलं. चाळीस वर्षांत त्या डोक्याला कंगवा लागला नव्हता. आत्या डोळे मिटून बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, ‘हळू गं, दुखतंय.’